उसना गिअरबॉक्स

जयपूर शहराची वेस ओलांडून खेड्यांकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक विलक्षण वाहन आम्ही प्रथम पाहिले, तेव्हा त्यास मोटार म्हणावे की गाडा म्हणावे, असा प्रश्न आम्हांस पडला. विहिरीवर पाणी उपसणारे डिझेल इंजिन पुढे बसविलेले. मागे लाकडी फळ्यांचा सांगाडा. चाके आणि सुकाणू कोणत्या तरी मोडीत निघालेल्या जीपचे, व गिअरबॉक्सही बहुधा तिचाच. वर माणसे, धान्याची पोती आणि दोन शेळ्या. या वाहनास इकडे 'जुगाड' म्हणतात. मराठीत 'जुळवाजुळव' हा शब्द त्याच्या जवळ जातो; परंतु जुगाडात जी थोडी हिकमत आणि थोडी बेपर्वाई असते, ती त्यात उतरत नाही.

या वाहनास ना क्रमांक, ना विमा, ना कर. २०१३ साली राजस्थान राज्य परिवहन महामंडळाच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, जुगाड हे कायद्याच्या व्याख्येप्रमाणे मोटार वाहनच होय, आणि नोंदणीचे नियम पाळल्यावाचून त्यास रस्त्यावर येता येणार नाही. निर्णय योग्यच होता. अपघातात सापडलेल्याने भरपाई कोणाकडे मागावी, याचे उत्तर त्यावाचून मिळत नव्हते. तथापि, कागदपत्रांत दिवस घालविणाऱ्या आम्हां कारकुनांना नोंदणीच्या अर्जातील एक रकाना अस्वस्थ करतो. 'वाहन बनविणाऱ्याचे नाव' तेथे मागितलेले असते. इंजिन एकाचे, गिअरबॉक्स दुसऱ्याचा आणि सांगाडा गावच्या सुताराचा, अशा वाहनाच्या बाबतीत तेथे काय लिहावे?

हा प्रश्न केवळ खेडुतांचा नाही. इंग्लंडमध्ये कॉलिन चॅपमन यांनी १९५७ साली 'लोटस सेव्हन' ही मोटार बाजारात आणली, ती सुट्या भागांच्या रूपाने. पूर्ण बांधलेल्या मोटारीवर तेथे खरेदी-कर असे. भाग घेऊन घरी जोडल्यास तो टळे. ग्राहकास सांगाडा व पत्रे मिळत. इंजिन व गिअरबॉक्स फोर्ड अथवा ऑस्टिनसारख्या साध्या कौटुंबिक गाडीचे. प्रारंभीच्या पुष्कळ गाड्यांत फोर्डचे ११७२ घन सेंटिमीटरचे जुनाट धाटणीचे इंजिन आणि त्याचाच तीन गतींचा गिअरबॉक्स होता. १९७३ साली खरेदी-कर गेला आणि कर वाचविण्याचे निमित्तही गेले. तरी या जातीची मोटार जगली. केटरहॅम नावाच्या कंपनीने तिचे हक्क घेऊन ती पुढे चालविली. तत्त्वतः हेही जुगाडच होते. मात्र तेथे प्रत्येक उसन्या भागाची जागा आधी कागदावर ठरलेली होती.

उसना गिअरबॉक्स बसविणे म्हणजे नेमके काय, हे येथे थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे. इंजिनाच्या मागे फ्लायव्हील, त्यावर क्लच, आणि क्लचला झाकणारे घंटेच्या आकाराचे कवच, त्यामागे गिअरबॉक्स. गिअरबॉक्समधून पुढे आलेल्या दांड्यावर खाचा असतात. त्या क्लच-प्लेटच्या मध्यातील खाचांशी तंतोतंत जुळाव्या लागतात. दांड्याचे टोक इंजिनाच्या भुजादंडाच्या मागील तोंडात एका लहानशा बेअरिंगमध्ये विसावते. दोन कंपन्यांचे कवच व इंजिन एकमेकांस लागू पडत नाहीत, म्हणून मधे एक जाड पट्टी कापून बसवितात. सगळे यश या पट्टीवर असते. तिची भोके मिलिमीटरच्या दहाव्या भागानेही सरकली, तर दोन दांड्यांचे अक्ष एका रेषेत राहात नाहीत. मग बेअरिंग लवकर झिजते, प्लेट वाकडी फिरते, आणि कधी चालत्या गाडीचा गिअर आपोआप सुटतो. गाडी चालते, म्हणून जोडणी बरोबर आहे, असा समज करून घेणे हीच येथील मोठी चूक. चुकीची जोडणीही काही महिने चालतेच.

अक्षांचा हा विषय जयपूरकरांस नवा नसावा. सवाई जयसिंगांनी अठराव्या शतकात येथे जंतरमंतर उभारले, ते दगडचुन्याचे. पितळी यंत्रांचे अक्ष झिजतात, वर्तुळांचे मध्य सरकतात, आणि मग निरीक्षणे फसतात, अशी कारणे त्यांच्या 'झीज-इ-मुहम्मदशाही' या ग्रंथाच्या प्रस्तावनेत दिलेली आहेत. (त्यांच्या पदरचे जगन्नाथ सम्राट हे परंपरेने महाराष्ट्रीय मानले जातात, युक्लिडची भूमिती त्यांनी अरबीतून संस्कृतात आणली. परक्या घरची वस्तू आपल्या घरात नीट बसविण्याचे तेही एक उदाहरणच.) जयसिंगांस अचल दगडाचा आश्रय घेता आला. मोटारीच्या कारागिराला तो मार्ग नाही; त्याचा अक्ष मिनिटाला काही हजार फेरे घेणारा.

जोडणी झाली, तरी क्लच दाबणार कशाने? जुन्या गाड्यांत पायाच्या पट्ट्यापासून क्लचपर्यंत लोखंडी दांडे असत. इंजिन रबरी बैठकीवर हलते, सांगाडा दुसऱ्याच मापाचा, म्हणजे उसन्या गाडीचे दांडे येथे कधी नीट पोहोचावयाचे नाहीत. तेलाची नळी मात्र कशीही वाकविता येते. सतराव्या शतकात पास्कलने सांगितलेला नियम कोंडलेल्या द्रवातील दाब सगळीकडे सारखा पोहोचवितो. माल्कम लॉकहीड यांनी १९१७ साली त्यावर ब्रेकचे एकस्व घेतले, आणि पुढे हीच युक्ती क्लचलाही लागू झाली. आरंभीच्या काळात या नळ्यांत एरंडेल व मद्यार्क यांचे मिश्रण असे, हे वाचून आमच्या पिढीच्या वाचकांस बालपणीची सक्तीची मात्रा आठवेल.

येथे थोडे गणित आहे, आणि पुष्कळ हौशी माणसे तेथेच अडतात. पायाजवळच्या सिलिंडरचा व्यास १६ मिलिमीटर आणि क्लचजवळच्याचा २० मिलिमीटर असेल, तर क्षेत्रफळांचे प्रमाण सुमारे १.५६ होते. वरचा दट्ट्या ३० मिलिमीटर सरकला, की खालचा १९ मिलिमीटरांहून किंचित अधिक सरकतो. पाय हलका व्हावा म्हणून खाली २४ मिलिमीटरचा सिलिंडर बसविला, तर जोर वाढतो. परंतु सरकणे सव्वातेरा मिलिमीटरांच्या आसपास येते. तेवढ्याने क्लच पुरता सुटला नाही, तर गिअर टाकताना दाते खडखडतात, आणि दोष बिचाऱ्या गिअरबॉक्सवर येतो. उलट सरकणे वाजवीपेक्षा जास्त झाले, तर क्लचच्या स्प्रिंगा निकामी होतात. म्हणून दुसऱ्याच्या गाडीचा गिअरबॉक्स घेणाऱ्याने त्याच गाडीचे दोन्ही सिलिंडर, निदान त्यांची मापे, सोबत घ्यावीत. नळीत हवेचा बुडबुडा राहिला, तर हे सारे गणित व्यर्थ; हवा दबते, तेल दबत नाही. आणि या तेलाच्या जागी कोणी इंजिनाचे तेल घातले, तर आतले रबर फुगून बसते. असा प्रकार एका गॅरेजात आम्ही डोळ्यांनी पाहिला आहे.

आता आपल्या मुलखाकडे येऊ. इचलकरंजीचे शंकरराव कुलकर्णी यांनी 'मीरा' नावाची लहान मोटार अनेक वर्षे सुधारत नेली. पण मोठ्या प्रमाणावर उत्पादन करण्याची परवानगी त्यांच्या हाती कधी आली नाही. शंकररावांची वाट स्वतःचे यंत्र स्वतः घडविण्याची होती. उसन्या यंत्राची वाट पुढे अलिबागजवळ दिसते. गिडो बोथे आणि शमा बोथे यांच्या 'चिंकारा मोटर्स'ने लोटस सेव्हनच्या घाटाची दोन आसनी मोटार बांधली. तिला १.८ लिटरचे इसुझू इंजिन व पाच गतींचा गिअरबॉक्स होता. ही जोडी हिंदुस्थान मोटर्सने प्रथम 'कॉन्टेसा'मध्ये व नंतर 'अॅम्बॅसडर'मध्ये बसविलेली होती. म्हणजे ज्या गाडीतून आमचे साहेबलोक सरकारी दौऱ्यावर जात, तिचेच यंत्र समुद्रकिनारी वारा पीत धावणाऱ्या गाडीत गेले.

यात एक गंमत आहे. हा संबंध केवळ अलीकडचा नाही. १९५५ साली निघालेली 'एम. जी. ए.' ही इंग्रज स्पोर्ट्स मोटार आणि अॅम्बॅसडर यांचे १४८९ घन सेंटिमीटरचे इंजिन एकाच घराण्यातले. एका घरात एक मुलगा खेळाडू आणि दुसरा कारकून निघावा, तसा हा प्रकार. रक्त एक, संगत वेगळी. अॅम्बॅसडरचा गिअरचा दांडा पुष्कळ वर्षे सुकाणूच्या खांबावर होता, एम. जी. ए.चा जमिनीतून हाताशी आलेला. बुटक्या, अरुंद गाडीत खांबावरच्या दांड्याची जोडकाम-साखळी बसविणे जिकिरीचे. जमिनीतून येणारा दांडा असलेला गिअरबॉक्स मिळाला, की निम्मे काम हलके होते.

मात्र उसनवारीची एक अट असते: देणारा घरी असला पाहिजे. कॉन्टेसा २००२ साली बंद झाली, आणि २०१४ साली उत्तरपाड्याच्या कारखान्यातून अॅम्बॅसडरचे उत्पादन थांबले. कायदाही कडक होत गेला. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वाहनाच्या मूळ रचनेत मनमानी बदल करण्यास मनाई असल्याचे पुन्हा स्पष्ट केले. आज अशी एखादी दोन आसनी गाडी ज्याच्या पदरी असेल, त्याने क्लच-सिलिंडरची रबरे, खाचांच्या मापाची प्लेट आणि दांड्याचे ते लहानसे बेअरिंग जेथे दिसेल तेथे घेऊन ठेवावे. भंगारात निघणाऱ्या कॉन्टेसांची संख्या वर्षागणिक कमीच होत जाणार.