झेवियर
ठाणे-वसई पट्ट्यातील ईस्ट इंडियन कॅथलिक समाजात नाव व क्वचित आडनाव म्हणून रूढ असलेला हा शब्द मूळचा बास्क असून, 'एचे' (घर) व 'बेरी' (नवे) यांपासून सिद्ध झालेले हे ग्रामनाम नाव्हारा प्रांतातील एका किल्ल्याला लाभले. तेथे १५०६ मध्ये जन्मलेले संत फ्रान्सिस झेवियर हे 'ओवळेकर', 'वसईकर' अशा आडनावांच्या लोकांप्रमाणेच स्थळावरून ओळखले गेले. १५४२ मध्ये ते गोव्यात उतरले, पुढे वसईलाही आले आणि १६२२ मध्ये त्यांना संतपद मिळाले. ठाणे-वसई पट्ट्यातील घोडबंदरचा किल्ला १७३७ मध्ये मराठ्यांनी पोर्तुगिजांकडून घेतला, तरी तेथील ख्रिस्ती नावे टिकली. बाप्तिस्म्यात संताचे नाव ठेवण्याची प्रथा असल्याने केवळ या नावावरून एखाद्या कुटुंबाचे मूळ बास्क ठरवणे चुकीचे होय.