गुरुजींची तबकडी आणि परदेशची वीज

मंडळी, एका खेड्यातल्या शाळेची गोष्ट. गावचा मुलगा अमेरिकेत नोकरीला. त्याने शाळेला तबकड्या वाजवण्याचे जुने यंत्र पाठवले. गुरुजी सावध माणूस. त्यांनी आधी पाठीमागची पट्टी वाचली: १२० व्होल्ट, ६० सायकल. आपल्याकडे वीज २३० व्होल्टची. तशीच जोडली असती तर यंत्र जळालेच असते. गुरुजींनी तालुक्याहून दाब उतरवणारा ट्रान्सफॉर्मर आणला. यंत्र फिरले, पण गाणारी बाई जाड्या आवाजात रेंगाळत गाऊ लागली. पोरे हसली. पैसे पाण्यात गेले, असे गुरुजींना वाटले.

ह्या घोटाळ्याचे मूळ फार जुने आहे. सप्टेंबर १८८२ मध्ये एडिसनने न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवर वीजकेंद्र सुरू केले. त्याच्या दिव्यांना सुमारे ११० व्होल्ट मानवत. पुढे १८८६ साली विल्यम स्टॅन्लीने ग्रेट बॅरिंग्टन गावी ट्रान्सफॉर्मरने विजेचा दाब चढवून-उतरवून दाखवला. वीज दूर नेता येऊ लागली. पण घरोघरचे दिवे ११० चेच होते, म्हणून आकडा तिथेच राहिला आणि पुढे सरकत १२० झाला. बर्लिनच्या वीजकंपनीने मात्र १८९९ च्या सुमारास २२० व्होल्ट धरले. दाब दुप्पट केला की तेवढ्याच कामाला प्रवाह निम्मा लागतो, आणि त्याच तारेत वाया जाणारी वीज चौथाईवर येते. विहिरीपर्यंत लांब, बारीक तार ओढलेल्या शेतकऱ्याला हे वेगळे सांगायला नको!

आता ती सायकल. वीज सेकंदाला किती वेळा उलटसुलट वाहते, त्याचा हा आकडा. युरोपात आणि आपल्याकडे ५०, अमेरिकेत ६०. जपानची तर मौजच. टोकियोने जर्मन जनित्रे घेतली, ओसाकाने अमेरिकन. म्हणून पूर्वेला ५० आणि पश्चिमेला ६०, आजही. मार्च २०११ च्या भूकंपानंतर ही मौज महागात पडली. टोकियोच्या बाजूला पाळीपाळीने वीज बंद ठेवावी लागली; पश्चिमेची वीज मदतीला आणावी, तर मधल्या रूपांतर केंद्रांतून सुमारे १० लाख किलोवॅटच पलीकडे जाऊ शकत होती.

गुरुजींचेही तेच झाले. ट्रान्सफॉर्मर दाब बदलतो, सायकल बदलत नाही. यंत्राची मोटर सायकलींच्या तालावर फिरणारी. ६० ऐवजी ५० मिळाल्या, गाणे सहाव्या हिश्श्याने मंदावले.

तेव्हा परदेशी जाताना पट्टी वाचा. मोबाइलच्या चार्जरवर बहुधा ‘१०० ते २४० व्होल्ट, ५०/६०’ असते. त्याला कन्व्हर्टर नको, पिनांचा जोड पुरे. हलका, स्वस्त कन्व्हर्टर मिळतो, तो इस्त्रीसारख्या तापणाऱ्या वस्तूंपुरता. नाजूक यंत्राला लावू नका. आणि लेकीला अमेरिकेला ७५० वॅटचा मिक्सर देणार असाल, तर त्याला हजार वॅटचा जड ट्रान्सफॉर्मर लागेल, शिवाय सायकलींचा फरक राहीलच. मी तर म्हणेन, मिक्सर तिथलाच घ्यावा.

गुरुजींनी पुढे लेथवाल्याकडून मोटरची कप्पी पाचव्या हिश्श्याने मोठी कातून घेतली. बाई आता सुरात गाते.