गर्भाशय-ग्रीवेचा कर्करोग : प्रतिबंधाचा इतिहास व आर्थिक विषमता

गर्भाशयाच्या मुखाशी, म्हणजे ग्रीवेशी उद्‌भवणारा हा कर्करोग बहुतेक सर्व रुग्णांत मानवी पॅपिलोमा व्हायरसाच्या दीर्घकालीन संसर्गामुळे होतो. संसर्गापासून कर्करोगापर्यंत सर्वसाधारणपणे १५ ते २० वर्षे जातात. या अवधीत कोशिकांतील बदल ओळखून रोग टाळता येतो. त्यामुळे या रोगाने होणारे मृत्यू हे मुख्यतः वैद्यकसेवेच्या विषम वाटपाचे द्योतक ठरतात.

इटलीतील रिगोनी-स्टर्न यांनी १८४२ मध्ये व्हेरोना शहराच्या मृत्युनोंदींवरून गर्भाशयाचा कर्करोग विवाहित स्त्रियांत अधिक व ख्रिस्ती जोगिणींत विरळा असल्याचे दाखविले. जॉर्ज पापानिकोलाऊ (१८८३–१९६२) यांनी शोधलेली लेपपरीक्षा १९४० नंतर रूढ झाली. फिनलंडमध्ये १९६० नंतरच्या दशकात ती राष्ट्रीय स्तरावर सुरू झाली व पुढे तेथील मृत्युमान सु. ८०% घटले. व्हायरसाचा कार्यकारणसंबंध हाराल्ड त्सुर हाउझेन यांनी दाखविला (नोबेल पारितोषिक, २००८). प्रतिबंधक लस २००६ मध्ये उपलब्ध झाली.

लेपपरीक्षेसाठी प्रयोगशाळा, प्रशिक्षित तज्ञ व वारंवार तपासणी यांची गरज असते. गरीब देशांत व विशेषतः ग्रामीण भागांत ही साधने तुटपुंजी असतात. शिवाय रोजंदारी बुडण्याची धास्ती, प्रवासखर्च व संकोच यांमुळे अनेक स्त्रिया रोग बळावल्यावरच रुग्णालयात येतात. २०२० मध्ये जगात सु. ३,४२,००० स्त्रिया या रोगाने मृत्यू पावल्या, त्यांपैकी सु. ९०% अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांतील होत्या.

या प्रश्नाच्या अभ्यासात महाराष्ट्राचा वाटा महत्त्वाचा आहे. बार्शी (जि. सोलापूर) येथे १९८७ मध्ये भारतातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. केवळ लोकशिक्षणानेही रोग आधीच्या अवस्थेत ओळखला जाऊ लागल्याचे तिच्यावरून दिसले. १९९९ पासून उस्मानाबाद (२०२३ पासून धाराशिव) जिल्ह्यात ५२ ग्रामसमूहांतील ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांवर तुलनात्मक अभ्यास झाला. व्हायरसाची तपासणी एकदाच केलेल्या गटात ३४, तर तपासणी न केलेल्या गटात ६४ मृत्यू झाले. मुंबईच्या झोपडपट्ट्यांतील अभ्यासात (१९९८ पासून) आरोग्यसेविकांनी सौम्य ॲसिटिक अम्ल लावून केलेल्या तपासणीमुळे मृत्युमान ३१% घटले. तपासणीचा लाभ न मिळालेल्या तुलनागटांच्या संदर्भात या अभ्यासांवर नैतिक आक्षेपही घेण्यात आले.

पद्धती सिद्ध झाल्या, तरी त्यांचा प्रसार अल्पच राहिला. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार ३० ते ४९ वयाच्या अवघ्या १.९% भारतीय स्त्रियांची ही तपासणी कधी काळी झाली होती. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये २०३० पर्यंतची उद्दिष्टे ठरविली : ९०% मुलींचे लसीकरण, ७०% स्त्रियांची तपासणी व ९०% रुग्णांना उपचार. ती गाठणे हे नव्या शोधांपेक्षा ज्ञात उपाय गरीब वस्त्यांपर्यंत नेण्यावर अवलंबून आहे.