अंगठेबहाद्दर

‘अंगठेबहाद्दर’ हा शब्द मी आयुष्यात इतका वापरला, की तो एक दिवस माझ्यावरच उलटणार हे ठरलेलंच होतं. सोलापूरला रेल्वेत मी पगारवाटपाचा कारकून होतो. गँगमन समोर आला, की त्याचा अंगठा पॅडवर दाबायचा आणि पगारपत्रकावर उमटवायचा. पुसट उठला, तर मी खेकसायचो, “नीट दाब की रे! जेवला नाहीस काय?”

तसं ह्या अंगठ्याचं घराणं थोर आहे. १८५८ साली बंगालमध्ये विल्यम हर्शेल नावाच्या गोऱ्या अंमलदाराने राज्यधर कोनाई ह्या कंत्राटदाराचा सबंध पंजाच करारावर उमटवून घेतला. उद्या ‘सही माझी नव्हेच’ म्हणायची सोय नको! १८९७ मध्ये कलकत्त्याला बोटांच्या ठशांची कचेरी निघाली. ठशांच्या वर्गवारीत डोकं चाललं अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस यांचं. पद्धतीला नाव लागलं हेन्रीसाहेबांचं. कचेरी म्हटली की हे आलंच. पुढे २०१० साली आपल्या नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत पहिला आधार क्रमांक दिला गेला आणि शिकलासवरला देशही अंगठेबहाद्दर झाला.

२०१४ पासून पेन्शनरांना हयातीचा दाखलाही यंत्रावर बोट ठेवून देता येऊ लागला. कल्पना झकास. फक्त यंत्र करताना कुणी म्हाताऱ्याचं बोट हातात घेऊन पाहिलं नसावं. वय झालं की कातडी कोरडी पडते, रेषा बुजतात. यंत्राने मला पाचदा नाकारलं. पोरगा म्हणाला, “काका, नीट दाबा की!” मी चांगला जेवून आलो होतो.

मागे एक अक्का उभ्या होत्या. जन्मभर विड्या वळून त्यांची बोटं गुळगुळीत झालेली. त्यांनाही नकार. त्या म्हणाल्या, “ह्याच बोटांनी हजारांनी विड्या मोजून दिल्या की! तेव्हा कुणी विचारलं नाही, बोट कुणाचं म्हणून.”

मला हसू आलं नाही. माझी पेन्शन अडली तर मुलगा आहे. अक्कांचा किराणा त्या अंगठ्यावर होता. खडी उपसून झिजलेले गँगमनचे अंगठे आठवले. दोष दाबण्यात नव्हताच.

शेवटी आम्ही दोघं बँकेत जाऊन कागदावर जिवंत झालो. अक्कांचा अंगठा तिथेही पुसटच उठला. पण साहेबांनी त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि चालवून घेतलं.

२०२१ मध्ये यंत्रालाही चेहरा पाहण्याची बुद्धी झाली. मोबाइलसमोर बसायचं आणि डोळे मिचकवायचे. अक्कांनी मिचकावले, पास. मग सत्तरी उलटलेल्या मी, भर दुकानात, मोबाइल धरलेल्या तरुण मुलीसमोर डोळे मिचकावले, तेव्हा सरकारची खात्री पटली की हा गृहस्थ अजून जिवंत आहे.

घरी मात्र ही हकिगत सांगितलेली नाही. तिथे हयातीचा दाखला चालत नाही.