पिकअपच्या मागच्या कमानपाट्यांचा आवाज

पिकअप गाडीच्या मागच्या कमानपाट्यांतून व त्यांच्या जोडांतून येणारी करकर, टकटक, खडखड किंवा धडधड. तिचे कारण ओळखणे आणि ते दूर करणे. बोलेरो पिकअप, टाटा एस यांसारख्या मालवाहू गाड्यांच्या मागच्या एक्सलला पोलादी पाट्यांची कमान असते. पुढील विवेचन अशाच गाड्यांना लागू आहे.

रचना : प्रत्येक बाजूस एकाखाली एक कमी लांबीचे पाटे रचून ते मधोमध सेंटर बोल्टने ओवलेले असतात. सर्वांत लांब मेन पाट्याची दोन्ही टोके गुंडाळून डोळे केलेले असतात. पुढचा डोळा चासीच्या ब्रॅकेटमध्ये पिनेवर पक्का बसतो, मागचा शॅकलला, म्हणजे झुलत्या दुव्याला, टांगलेला असतो. भार पडला की कमान सपाट होते आणि तिची लांबी वाढते. त्या वाढीला वाट मिळावी म्हणून शॅकल झुलते. त्याच वेळी पाटे एकमेकांवर सरकतात. हे घासणे दोष नव्हे. गाडीची उसळी थोडीफार त्यानेच मरते. म्हणून अनेक पाट्यांची कमान पूर्ण मुकी असावी ही अपेक्षाच चुकीची आहे. पॅराबोलिक पाटे मध्ये जाड व टोकांकडे निमुळते असतात, संख्येने कमी असतात आणि बहुतेक लांबीत एकमेकांना टेकत नाहीत. त्यामुळे ते कमी कुरकुरतात.

निदान : पाना हाती घेण्याआधी चालकाला विचारावे. आवाज रिकाम्या गाडीत येतो की भरलेल्या, खड्ड्यात येतो की क्लच सोडताना, पावसात थांबतो का? लासलगावला कांदा उतरवून परतणारी गाडी रिकामी खडखडते आणि जाताना गप्प असते, एवढ्या एका माहितीने निम्मा शोध संपतो. वजनाखाली दबून राहणारा सैल भाग भार उतरला की मोकळा होतो.

गतिरोधकावर हळू जाताना येणारी कोरडी करकर बहुधा पाट्यांच्या टोकांची असते. खालच्या पाट्याचे टोक वरच्या पाट्यात खाच पाडते, तिथे धूळ व गंज साठतो. काही कमानींत टोकाशी नायलॉनची किंवा रबरी चकती असते, ती झिजून पडली की लोखंड लोखंडावर घासते. परीक्षा सोपी आहे : पाट्यांवर पाणी मारून हौदा दाबून हलवावा. आवाज बंद झाला तर तो पाट्यांचाच. तो तसाच राहिला तर शॅकलच्या व डोळ्याच्या बुशवर (पिनेभोवतीच्या रबरी वा धातूच्या नळीवर) पाणी मारून पुन्हा पाहावे. दुसऱ्याने गाडी हलवताना चासीच्या ब्रॅकेटवर हात ठेवला तर खराब बुशची थरथर बोटांना कळते; मात्र शॅकलच्या फटीत बोट घालू नये.

गाडी जागेवरून निघताना वा ब्रेक मारताना एकदाच ‘टक’ होत असेल तर तपास अधिक गंभीर. एक्सल पाट्यांना आवळणारे यू-बोल्ट ढिले, शॅकलची पिन झिजलेली, किंवा सेंटर बोल्ट तुटलेला असू शकतो. पण हाच आवाज प्रोपेलर शाफ्टचा झिजलेला क्रॉस वा कोरडा पडलेला सरकता जोडही काढतो, आणि इथेच सर्वाधिक चुका होतात. क्लच दाबून खड्ड्यातून जातानाही टक आला तर पाट्यांकडे पाहावे. केवळ ॲक्सिलरेटर दाबता-सोडताना आला तर शाफ्टकडे. सपाट जागी, चाकांना ठोकळे लावून, गाडी न्यूट्रलमध्ये व इंजिन बंद ठेवून शाफ्ट हाताने पिळला की क्रॉसमधील ढिलाई जाणवते.

सेंटर बोल्ट तुटल्यावर एक्सल पाट्यावर पुढे-मागे सरकतो आणि गाडी तिरकी चालते. मागच्या चाकाच्या मध्यापासून पाट्याच्या पुढच्या पिनेपर्यंतचे अंतर दोन्ही बाजूंनी टेपने मोजावे. फरक दिसला तर गाडी रस्त्यावर नेऊ नये. तुटलेला पाटा शोधताना सेंटर बोल्टच्या छिद्राजवळ आणि डोळ्याच्या वळणावर ब्रशने माती काढून पाहावे. तडा पुष्कळदा गंजाच्या बारीक तांबूस रेघेसारखा दिसतो.

सततची खडखड बहुधा शॉक ॲब्सॉर्बरच्या डोळ्यातील झिजलेल्या रबराची असते, पण ती स्टेपनी, सायलेन्सरचे हँगर किंवा फाळक्याची कडीसुद्धा असू शकते. फाळका दोरीने आवळून आणि स्टेपनी उतरवून एक फेरी मारावी. यात काहीच खर्च नाही, आणि तरीही हे न करता शॉक बदलले जातात. भरल्या गाडीत मोठ्या खड्ड्यावर ‘धाड’ होणे म्हणजे एक्सल रबरी स्टॉपरवर आदळणे : कमान बसली आहे किंवा माल जास्त आहे. वेगाबरोबर वाढणारी घूंघूं पाट्यांची नसते. तिथे व्हील बेअरिंग आणि टायर तपासावेत.

दुरुस्ती : जॅकवर तोललेल्या गाडीखाली जाऊ नये, चासीला घोडी लावावी. पाटे खोलून तारेच्या ब्रशने घासावेत, खाचा साफ कराव्यात, टोकांच्या चकत्या नव्या घालून ग्रॅफाइट ग्रीस लावावे. वरून जळके इंजिन ऑइल ओतण्याची रीत सर्रास आहे, ती सोडावी. आवाज काही दिवस थांबतो, पण ऑइलवर धूळ चिकटून घासणारा लेप होतो आणि नैसर्गिक रबराचे बुश फुगून मऊ पडतात. रबरी बुशला गरज भासल्यास सिलिकॉनचे वंगण द्यावे. ग्रीस निपल असलेल्या धातूच्या बुशना मात्र नियमित ग्रीस हवेच.

रबरी बुश नवे घातल्यावर पिनांचे नट अखेरचे आवळायचे ते गाडी चाकांवर उभी करून. एक्सल लोंबकळत असताना ते आवळले तर गाडी खाली येताच रबर कायमचे पिळलेले राहते आणि लवकर फाटते. नवा बुश थोड्याच दिवसांत पुन्हा बोलू लागला, तर आधी हीच चूक तपासावी.

यू-बोल्ट एकदा ताणले गेले की पुन्हा वापरू नयेत. नवे बोल्ट आडव्या-तिरप्या क्रमाने, टप्प्याटप्प्याने, कंपनीने दिलेल्या टॉर्कवर आवळावेत आणि काही शे किलोमीटरनंतर पुन्हा तपासावेत, कारण पाटे आपापल्या जागी बसले की पकड सैल होते. तुटलेल्या पाट्याला वेल्डिंग करू नये. पाट्याचे पोलाद पाणी देऊन व पुन्हा तापवून लवचिक केलेले असते. वेल्डिंगच्या उष्णतेने तो गुण जातो आणि पाटा सांध्याशेजारीच पुन्हा तुटतो. एका बाजूची कमान बदलली की दुसऱ्या बाजूची उंची मोजावी. ती बसलेली असेल तर दोन्ही बदलाव्यात.

धाड थांबावी म्हणून जादा पाटा घालण्याकडे मालकांचा कल असतो. त्याने कमान कडक होते, पण एक्सल, ब्रेक व टायर तेवढेच राहतात, आणि नोंदणीपत्रातील एकूण वजनाची मर्यादाही वाढत नाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम 194 नुसार जादा भाराला 20,000 रुपये आणि प्रत्येक जादा टनामागे 2,000 रुपये दंड आहे. रिकाम्या गाडीत हीच कडक कमान उसळते आणि बुश, शॅकल व शॉक यांचे रबर आणखी लवकर झिजवते.