आक्रमक रुग्ण आणि परिचारिकांचे प्रशिक्षण

चवताळलेल्या, मारायला धावणाऱ्या किंवा सलाईन उपटून निघून जाऊ पाहणाऱ्या रुग्णाला शक्यतो बळ न वापरता शांत करण्याचे परिचारिकांना दिले जाणारे शिक्षण. ‘डी-एस्कलेशन’ हा त्याचा पाठ्यपुस्तकी शब्द. वॉर्डात ‘पेशंटला शांत करणे’ एवढेच म्हणतात. मानसोपचार शुश्रूषेच्या अभ्यासक्रमात हा विषय असतो, पण त्याची खरी गरज अपघात विभागात आणि सामान्य वॉर्डाच्या रात्रपाळीत भासते.

वर्धा जिल्ह्यातील समुद्रपूर तालुक्याच्या संदर्भात हे नीट समजते. तालुक्याच्या गावी ग्रामीण रुग्णालय आहे. त्यापुढचे उपचार हिंगणघाटचे उपजिल्हा रुग्णालय, सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय किंवा सावंगी (मेघे) येथे. राज्यातले ग्रामीण रुग्णालय साधारणतः ३० खाटांचे असते आणि तिथे मानसोपचारतज्ज्ञ दिवसरात्र हजर नसतो. रुग्ण बिथरला की पहिली त्याच्यापुढे उभी राहते ती पाळीवरची अधिपरिचारिका, सोबत एखादी मावशी किंवा कक्षसेवक.

प्रशिक्षणाचा पहिला धडा बोलण्याचा नाही, बघण्याचा आहे. रुग्णाचा राग हे अनेकदा लक्षण असते. रक्तातली साखर उतरली, प्राणवायू कमी पडला, डोक्याला मार लागला, ताप चढला, लघवी तुंबली, तरी शांत माणूस शिव्या देऊ लागतो. तालुक्यातील जाम गावाजवळून नागपूर-हैदराबाद महामार्ग जातो. अपघातातल्या बडबडणाऱ्या जखमीला ‘पिऊन आलाय’ म्हणून बाजूला ठेवणे जिवावर बेतू शकते.

कापसाच्या या पट्ट्यात आणखी एक कारण येते. काही कीटकनाशकांची विषबाधा झालेल्याला ॲट्रोपिन देतात. औषधाची मात्रा जास्त झाली की तोच रुग्ण भ्रमात जातो. बाहुल्या मोठ्या होतात, अंग कोरडे आणि तापलेले लागते, बोटे हवेत काहीतरी वेचत राहतात, चादर ओढतात. ‘मले घरी जाऊ द्या’ म्हणत तो उठतो. अशा वेळी हातपाय बांधायला धावण्याआधी डॉक्टरांना बोलावून मात्रा तपासून घ्यायची असते. तोवर ‘दादा, मी सिस्टर. तुम्ही दवाखान्यात आहात. तोंड कोरडं पडलंय ना? ओठ ओले करून देते,’ असे म्हणत ओल्या गॉजने ओठ पुसले, उजेड नीट ठेवला, ओळखीचा एकच नातेवाईक जवळ बसवला, की बराच फरक पडतो. भ्रमातल्या माणसाशी वाद घालून उपयोग नसतो. तो कुठे आहे आणि समोर कोण आहे, हे पुन्हा पुन्हा सांगावे लागते.

वर्धा जिल्ह्यात १९७० च्या दशकापासून दारूबंदी आहे, तरी पिणारे आहेत; आणि दारू बेकायदा असल्याने घरचे ती गोष्ट सांगायला कचरतात. पाय मोडला म्हणून दाखल झालेला माणूस दोन-तीन दिवसांनी थरथरू लागतो, भिंतीवर किडे दिसतात म्हणतो, अंगावर येतो. दारू अचानक तुटल्याची ही अवस्था जीवघेणी ठरू शकते. तिला औषध लागते, दटावणी नव्हे. म्हणून दाखल करतानाच, पोलिसांचा विषय न काढता, एकांतात ‘शेवटची कधी घेतली?’ हे साधेपणाने विचारायला शिकवणे मला या प्रशिक्षणातले सर्वांत मोलाचे काम वाटते.

शुद्धीवर असलेल्या, पण भडकलेल्या रुग्णाशी वागण्याचे नियम २०१२ मध्ये अमेरिकेतील आपत्कालीन मानसोपचारतज्ज्ञांनी सविस्तर मांडले. किमान दोन हातांचे अंतर राखावे. दाराची वाट दोघांनाही मोकळी असावी. बोलणारी व्यक्ती एकच असावी. चौघांनी चार बाजूंनी समजावले की राग वाढतो. वाक्ये लहान असावीत, ती पुन्हा सांगावीत आणि उत्तराला वेळ द्यावा. ‘सुई आत्ता घ्यायची की काकी आल्यावर?’ असा खरा पर्याय द्यावा. ‘आत्ताच सोडते’ असे खोटे आश्वासन देऊ नये. हे सगळे वाचून येत नाही. एकीने रुग्ण व्हायचे, दुसरीने परिचारिका, बाकीच्यांनी पाहायचे, असा सराव वारंवार करावा लागतो. गळ्यातला स्टेथोस्कोप काढून ठेवणे, कात्रीचा ट्रे सरकवणे, वेळीच मागे हटून मदत मागणे, हे हाताला आपोआप यायला हवे.

प्रशिक्षणाच्या मर्यादाही आहेत. कॉक्रेन संस्थेने २०२० मध्ये घेतलेल्या आढाव्यात, अशा शिक्षणाने ज्ञान व दृष्टिकोन काही काळ सुधारतो, पण हल्ल्यांची संख्या घटल्याचा भक्कम पुरावा नाही, असे दिसले. रात्री पूर्ण वॉर्डाला एकच परिचारिका ठेवून तिला दोन दिवसांची कार्यशाळा देणे हा तिच्यावर अन्याय आहे. आरोग्य कर्मचाऱ्यांवरील हल्ल्यांविरुद्ध महाराष्ट्राचा २०१० चा कायदा आहे. त्यात तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद असून गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र आहे. मारहाण करणाऱ्या नातेवाइकांसाठी तो योग्यच. भ्रमात हात उगारणाऱ्या रुग्णाच्या बाबतीत मात्र खरा उपाय उपचारच.

बांधून ठेवणे हा शेवटचा मार्ग. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ ने साखळदंडांना मनाई केली आहे. शिक्षा म्हणून किंवा कर्मचारी अपुरे आहेत म्हणून रुग्णाला बांधता येत नाही. हा कायदा मानसिक आजार असलेल्या रुग्णांसाठी असला, तरी सामान्य वॉर्डातही हीच कसोटी लावली पाहिजे. बांधावेच लागले तर पट्ट्याखालची बोटे गार किंवा निळी पडली नाहीत ना, हे थोड्या थोड्या वेळाने पाहायचे. रुग्ण भडकण्याआधी काय घडले, साखर किती होती, कोणते औषध दिले, पट्टा कधी बांधला आणि कधी सोडला, हे सारे लिहायचे, आणि पाळी बदलताना पुढच्या सिस्टरला खाटेपाशी उभे राहून सांगायचे.