थंडीत नळ थेंब थेंब का सोडतात?



आपल्या पोशीरला नळ गोठत नाही. इथली नळाची तक्रार चैत्र-वैशाखातली, तीही पाणी न येण्याची. मुंबईला तानसाचं पाणी १८९२ साली आलं. ते आणणारे अजस्र नळ कितीतरी ठिकाणी जमिनीवर उघडेच दिसतात. थंडीने त्यांचं काही बिघडेल अशी भीती बाळगायचं कारणच नव्हतं. पण आता आपल्या बऱ्याच घरांतली मुलं-सुना अमेरिकेत आहेत, म्हणून हा विषय.

तानसानंतर तीनच वर्षांनी, फेब्रुवारी १८९५ मध्ये, लंडनला अशी थंडी पडली की रस्त्याखाली पुरलेले नळही गोठले. ते उथळ पुरलेले होते आणि थंडी जमिनीत त्याहून खोल उतरली. लोकांनी रस्त्यावर उभ्या केलेल्या तात्पुरत्या नळांवरून पाणी वाहिलं. बोस्टन-शिकागोसारख्या थंड गावांत मुख्य नळ चार-पाच फूट किंवा त्याहून खाली असतात, घरातही शक्यतो आतल्या भिंतींतून नेतात.

टेक्सासचं तसं नाही. तो उन्हाचा मुलूख. तिथे कित्येक घरांत पाइप माळ्यावरून आणि बाहेरच्या भिंतींतून जातात. फेब्रुवारी २०२१ मध्ये तिथे हिमवादळ आलं. १५ तारखेच्या पहाटेपासून वीज तोडावी लागली, ४५ लाखांहून जास्त घरं अंधारात गेली. १६ तारखेला डलासचा पारा उणे १९ अंशांवर होता. घरातली ऊब गेली, पाइप गोठले, आणि बर्फ वितळल्यावर छतातून पाणी कोसळलं. सरकारी आकडा २४६ मृत्यूंचा आहे. दहा वर्षं आधी, २०११ च्या फेब्रुवारीतही तिथे थंडीने वीज गेली होती. वीजकेंद्रं थंडीसाठी तयार ठेवा, असा अहवालही आला होता. पण सक्ती झाली नाही. खर्च वाचवला म्हणायचा! जमाखर्च शिकलेल्या कुणीही सांगावं तो किती वाचला.

आता पाइप फुटतो कसा ते. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं, म्हणजे ११ लिटर पाण्याचा १२ लिटर बर्फ. पण पुष्कळदा पाइप बर्फ असतो त्या जागी फुटतच नाही. बर्फाचा बुच वाढत जातो आणि तो बुच व बंद नळ यांच्यामध्ये अडकलेलं पाणी दाबलं जातं. तो दाब असह्य झाला की पाइप फाटतो. इलिनॉय विद्यापीठाच्या अभ्यासात माळ्यावरच्या उघड्या पाइपांना बाहेर सुमारे उणे ७ अंशांपासून धोका दिसला होता. नळ किंचित सुटा ठेवला तर त्या दाबाला वाट मिळते.

इथेच आपल्यासारख्यांच्या जिवाला लागतं. पाण्याचा थेंब म्हणजे अप्काय जीव, गाळून, मोजून वापरायचं हे आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं. आणि सून रात्रभर नळ ठिबकत ठेवते! फोनवर तिला बोलू नका. पाइप फुटला तर बादल्या नाही, टाक्याच वाहून जातात. नळाखाली बादली ठेवायला सांगा. ते पाणी फरशीला, संडासाला लागतं, आणि पाणी बंद झालं तर तीच बादली कामी येते. ह्यूस्टनला त्या आठवड्यात चार दिवस पाणी उकळूनच प्या असा हुकूम होता. आपल्याकडे उकाळलेल्या पाण्याचा नियम पाळणाऱ्यांना त्यात नवं काही नव्हतं, पण विजेच्या शेगडीवाल्यांनी उकळायचं कशावर?

बाकी सोपं आहे. बाहेरच्या भिंतीलगत सिंकखालची कपाटं उघडी ठेवायची म्हणजे घरातली ऊब पाइपापर्यंत जाते. उघड्या पाइपांना फोमचं आवरण घालायचं. गोठलाच तर नळ उघडा ठेवून केस वाळवायच्या यंत्राने नळाच्या बाजूकडून गरम करत जायचं, ज्योत कधीही लावायची नाही. गावाला जाणार असतील तर मेन व्हॉल्व्ह बंद करून पाइप रिकामे करायचे. तो व्हॉल्व्ह कुठे आहे हे मुलाला आजच विचारा. बहुतेक त्यालाही शोधावा लागेल.